भुयारातला साधू

अभिमनला भांडायला कारण लागायचं नाही, गप्प बसायला लागायचं. सोनगीरचा माणूस, धुळ्यात सायकल दुरुस्तीचा गाळा, आणि तोंड असं की पंक्चर काढायला आलेल्यानं सायकल तिथंच टाकून पायी घर गाठावं. "जरा हवा मारून दे" म्हटलं की "हातपाय नहीत का तुले?" इथून सुरुवात. त्याची बायको कमलबाई म्हणायची, "सासूबाईंनी याला गूळ चाटवायच्या ऐवजी मिरची चाटवलेली दिसते."

असल्या माणसाचा धंदा बुडायचाच. त्यातून गावात जो तो लुना घेऊन फटफटत सुटलेला, सायकलीला विचारतो कोण? तेव्हा अभिमनच्या डोक्यात व्हिडिओ गेमचं मशीन शिरलं. ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. मुंबईहून जुनं मशीन आणायचं ठरलं, पण गाळा पडला रिखबचंद शेठचा, आणि दिला होता सायकलींसाठी. मालकाला विचारणं भाग होतं.

विचारलं ते नेमकं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. शेठची आई धापूबाई, तिच्या वर्षीतपाचं त्या दिवशी पारणं होतं. वर्षभर एकाआड एक दिवस उपास करायचा आणि आखाजीला उसाच्या रसानं सोडायचा, असं ते जैनांचं कडक व्रत. म्हातारीनं ते तडीस नेलं म्हणून शेठचे पाय जमिनीला लागत नव्हते. आतल्या खोलीत बायका गाणी म्हणत होत्या. बाहेर ओसरीवर शेठनं स्वतःच्या हातानं अभिमनला रसाचा पेला दिला.

"शेठ, गाळ्यात एक मशीन बसवू का? पोरं खेळतील, चार पैसे सुटतील."

"बसव," शेठ म्हणाले.

एवढंच. ना कागद, ना साक्षीदार. पण आखाजीला दिलेला शब्द, त्याला कागद कशाला हवा? असं अभिमनला वाटलं. शहाणा असता तर वाटलं नसतं.

मशीन आलं. कपाटाएवढं धूड, समोर काच, खाली दोन दांड्या आणि बटणं. काचेत एक भुयार. दारं, किल्ल्या, हाडांचे सापळे, आणि सगळ्यात तळाशी आगीचे लोळ टाकणारा अजगर, पंखवाला. दोघांनी मिळून उतरायचं. एक तलवारवाला, दुसरा पांढऱ्या झग्यातला दाढीवाला साधू. साधू कुणाला मारत नाही. तो हात वर करतो आणि तलवारवाल्याच्या जखमा भरतात. वर लाल पट्टी असते, ती जान. ती संपली की खेळ खलास. अभिमन लहानपणी सोनगीरच्या किल्ल्यात भुयार शोधत गुडघे फोडून घ्यायचा, ते कधी सापडलं नव्हतं. हे सापडलं. लोक गाळ्यालाच 'भुयार' म्हणायला लागले.

मग पेटलं. गल्लीतले व्यापारी शेठकडे गाऱ्हाणी घेऊन गेले. कॉलेजची पोरं तास बुडवतात, आरडाओरडा करतात, शिव्या देतात. शिव्या बहुतेक अभिमनच द्यायचा, पण ते जाऊ द्या. शेठचा धाकटा भाऊ रतनलाल टपूनच बसला होता. त्याच्याकडे एक साडीवाला या गाळ्यासाठी थैली घेऊन उभा होता. रतनलालनं भावाच्या नावानं दावा ठोकला: सायकलीसाठी दिलेल्या गाळ्यात भाडेकरूनं परवानगीशिवाय दुसरा धंदा घातला, सबब गाळा रिकामा करून द्यावा. शेठनं सही केली. घरात रतनलालचं चालायचं.

त्या दाव्याचं सुनवायला म्हणून शेठ एका दुपारी गाळ्यात आले. गिऱ्हाईक नव्हतं. अभिमन एकटाच दांडी पिरगाळत होता आणि सापळ्यांच्या आईबहिणी काढत होता. शेठ मागं उभे राहिले. बोलायला आले होते, बघतच बसले.

"तो म्हातारा बाहेरच उभा आहे. त्याला का नाही घेत?"

"त्याले चालवाले मानूस लागस," अभिमन मान न वळवता खेकसला.

"करतो काय तो?"

"कोनले मारत नही. बरं करस."

शेठनं काळी टोपी काढली, स्टुलावर ठेवली आणि दुसरी दांडी धरली. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत चालणारा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. पण सांगतो, त्या दिवशी अभिमन एकटा कधी गेला नव्हता इतका खाली ते दोघं गेले.

झालं. रोज दुपारी शेठ यायचे. मैत्री झाली म्हणाल, तर थू! दोघं खेळताना जे बोलायचे ते ऐकून रस्त्यावरचं कुत्रं उठून जायचं.

"गाळा तर मी काढणारच तुझ्याकडून."

"काढ रे काढ! आधी ते दार उघड. किल्ली तुनाजवळ शे!"

"मला अरेतुरे करतोस?"

"मग लवकर बरं करा ना मले! मी मराले लागनू!"

तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टात एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि दुपारी खांद्याला खांदा लावून भुयारात. कमलबाई डोक्याला हात लावायची. "तुम्हाला लाज नाही ते ठाऊक आहे, पण शेठलाही नसावी?"

"त्यानासारखा साधू धुळामा दुसरा नही," अभिमन म्हणायचा, आणि लगेच वर, "पन मानूस हलकट शे."

भुयारात पिंपं असायची. ती फोडली की खायला निघायचं, कधी द्राक्षांचा घड, कधी मटणाची तंगडी. त्यावरून पाऊल गेलं की माणूस ते खातो आणि जान भरते. पहिल्यांदा तंगडी निघाली तेव्हा शेठनं साधूला असा वळसा घालून नेला, जसा घाणीला घालतात.

"खा की! जान संपनी तुमनी."

"मी खात नाही."

"चित्र शे ते, शेठ!"

"असेल. मी खात नाही."

अभिमन खदाखदा हसला, चार दिवस चिडवलं, आणि मग न बोलता वाटणी पडून गेली. तंगडी अभिमनची, द्राक्षं शेठची. अभिमनची जान सुतावर आलेली असली तरी तो द्राक्षांना शिवायचा नाही. शिवला असता तर साधू कशावर जगला असता? पर्युषणात शेठ आले नाहीत. तेवढे दिवस अभिमन पिसाळल्यासारखा वागला, एका गिऱ्हाइकाच्या अंगावर पाना घेऊन धावला.

दावा शेवटाला आला. सगळं एका गोष्टीवर लोंबकळत होतं: शेठनं परवानगी दिली होती की नाही? अभिमननं आपल्या जबाबात उसाच्या रसासकट सगळं सांगितलं, तेव्हा रतनलाल मोठ्यानं हसला होता. "रस पिऊन कुणी मालक होत नसतो." आता शेठची साक्ष राहिली होती. अभिमनचा वकील स्वच्छ म्हणाला, "ते नाही म्हणाले, तर मशीन विकून सोनगीरला जा. ते 'आठवत नाही' म्हणाले तरी जा." सोनगीरला जाऊन करणार काय? तिथं भावांनी त्याच्या वाटचं घर कधीच गिळलं होतं. गाळा गेला की अभिमन रस्त्यावर, कमलबाईसकट.

साक्षीच्या आदल्या दिवशीही शेठ आले. येतील असं अभिमनला वाटलं नव्हतं. दोघांनी दांड्या धरल्या आणि उतरले. त्या दिवशी हात असे चालले की बघायला आलेली पोरं श्वास घ्यायची विसरली. शेवटचं दार उघडलं आणि अजगर आला. आजवर तो त्यांना दिसला नव्हता.

अभिमन भिडला. साधू मागून जखमा भरत राहिला. अजगर अर्धा झाला, त्याहून कमी झाला. आणि आगीचा एक लोळ साधूला लागला. लाल पट्टीचं नुसतं टोक उरलं. कोपऱ्यात एकच पिंप. अभिमननं धावत जाऊन फोडलं. तंगडी.

"खा!" अभिमन ओरडला.

शेठ हलले नाहीत.

"शेठ, खा! दोन घाव राह्यनात! तुम्ही मेलात तं मी बी मरसू!"

"मरू दे," शेठ म्हणाले, आणि त्यांनी दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. अगदी शांतपणे.

अभिमनचं टाळकं सटकलं. ज्या माणसाच्या जिवावर उद्या आपला गाळा, तो इथं असा मरून दाखवतो? हात लांब करून त्यानं शेठची दांडी खेचली आणि साधूला तंगडीवर नेऊन उभं केलं. मशीनमधून मचमच आवाज आला. लाल पट्टी सरसर भरली. पोरं ओरडली, "वाचला!" अभिमनही ओरडला, "वाचनात शेठ! वाचनात!"

शेठ उठले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू मला खायला घातलंस."

"अहो, चित्र शे ते!"

"तुला चित्र. तो मी होतो."

आणि ते गेले. टोपी स्टुलावरच राहिली. अभिमननं एक हात या दांडीवर, एक त्या दांडीवर ठेवून पाहिलं, पण अजगरानं दोघांनाही जाळलं.

रात्री कमलबाईनं त्याला फाडून खाल्लं. "उद्या त्याची साक्ष, आणि आज त्याला मटण चारलंत? बैलाला तरी अक्कल असते!" अभिमननं अन्नाला हात लावला नाही. शेठच्या घरूनही बातमी आली होती की शेठनं पाणीसुद्धा सोडलंय.

कोर्टात शेठ पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा ओठ सुकलेले होते, डोक्यावर टोपी नव्हती. रतनलाल पहिल्या बाकावर पाय हलवत बसला होता. अभिमनला आपला निकाल शेठच्या तोंडावर लिहिलेला दिसत होता. आता एवढं झाल्यावर हा माणूस आपल्यासाठी जीभ उचलेल? आणि का उचलावी? चूक आपली, आणि चूकही कसली, घाण केली आपण.

अभिमनच्या वकिलानं विचारलं, "आखाजीच्या दिवशी मशीन बसवायला तुम्ही तोंडी परवानगी दिली होती, हे खरं आहे का?"

रतनलालचा पाय थांबला.

"दिली होती," शेठ म्हणाले. "आईच्या पारण्याचा रस त्याच्या हातात होता. मी म्हणालो, बसव."

रतनलाल जागेवरून ओरडला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. दाव्याची हवा तिथंच निघून गेली. निकाल पुढच्या तारखेला लागला, अभिमनच्या बाजूनं, पण त्याला तो त्याच दिवशी कळला होता.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली अभिमन टोपी घेऊन उभा होता. शेठ येताच वाकला. शेठ दोन पावलं मागं सरले.

"लांब हो."

"शेठ, चुकनू मी. तुम्ही मना गाळा..."

"तुझ्यासाठी नाही बोललो. शब्द माझा होता, तो मी बाटवला नाही. तू जे बाटवलंस ते तुझ्याकडे राहू दे." टोपीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर शेठ गाळ्याकडे फिरकले नाहीत. भाडं न्यायला नोकर यायचा. समोरून जायची वेळ आली तर शेठ गल्ली बदलायचे. टोपी मशीनच्या माथ्यावर, पुसून ठेवलेली.

गाळा राहिला, धंदा चालला, तोंड पूर्वीसारखंच चालू. एका दुपारी शिंदखेड्याचा एक कॉलेजवाला आला. त्याची एसटी चुकली होती. चलाख होता, दांडी धरताच साधू पळवायला लागला. अभिमननं तलवार घेतली. कितीतरी दिवसांनी जोडी जमली होती. दोघं खूप खाली उतरले. मग पिंप फुटलं, तंगडी पडली, आणि त्या पोरानं साधूला सरळ तिच्यावर घातलं. मचमच.

अभिमननं भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. काच काळी झाली.

"ओ! हे काय? जान भरली होती माझी!"

"साधू मटण खात नाही."

"काय काका! अहो, चित्र आहे ते!"

"तुला चित्र," अभिमन म्हणाला. पोराचा रुपया त्यानं रस्त्यावर भिरकावला आणि त्याला दंडाला धरून गाळ्याबाहेर काढलं.