एका पायाचा मोर आणि कॉपीराइटची नोटीस

मंगळवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी, चहात खारी बुडवत मेल उघडला आणि कळलं... मी चोर आहे. तेही मोरचोर!

आधी थोडं सांगते. आमचं घर विणकरांचं. नान्ना, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर चादरी-टॉवेलांच्या मागावर होते. मी कॉम्प्युटरकडे वळले, पण मागाची खडखड काही डोक्यातून गेली नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर बनवलं... चित्र टाकायचं, की मागावर विणता येईल अशी चौकटीचौकटींची नक्षी तयार.

ते ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कुणीही फुकट घ्या, वापरा, बदला. ह्यात माझं काही मोठेपण नाही हो. नान्नांच्या काळात मागाला लावायची नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं शेजारी मागून न्यायचे आणि काम झालं की आणून द्यायचे. नक्षी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, हे घरातच शिकले.

सॉफ्टवेअरसोबत नमुन्याच्या काही नक्ष्या दिल्यात. त्यातला मोर मी स्वतः काढलेला. पिसारा इतका ऐसपैस झाला की खाली दुसऱ्या पायाला जागाच उरली नाही. राहू दे म्हटलं... नमुनाच तर आहे!

तर नोटीस आली ती ह्या मोरासाठी. एका टॉवेल कंपनीच्या वतीनं कुठल्याशा एजन्सीनं पाठवलेली. म्हणे, हा मोर आमच्या कॅटलॉगमधला, कॉपीराइट आमचा, तुम्ही चोरलाय. आणि मी ज्या वेबसाइटवर सॉफ्टवेअर ठेवते, त्यांनी मला एका शब्दानं न विचारता मोरासकट अख्खा प्रोजेक्ट बंद करून टाकला.

राग आला का? आला की. पण त्याच्याही आधी उत्सुकता... कोण बाबा हा, जो ह्या मोरावर हक्क सांगतोय? नोटिशीत कॅटलॉगची लिंक होती, ती उघडली. निळ्या टॉवेलवर पांढरा मोर, पिसारा ऐसपैस... आणि पाय एक! मी एकटीच खो खो हसत सुटले.

म्हणजे मोर त्यांनी माझ्याकडून नेला. न्यावा, त्यासाठीच ठेवलाय. पण वर मलाच चोर म्हणायचं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

हसू फार टिकलं नाही. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विणकरांच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले... ताई, डाउनलोड होईना. ताई, लिंक मेली का? दोन-चार मागांवर घर चालवणारी ही माणसं. बाजारातलं महागडं सॉफ्टवेअर त्यांच्या आवाक्यातलं नाही, माझं बंद म्हणजे त्यांची नवी नक्षी बंद.

प्रोजेक्ट परत सुरू करायचा तर नोटिशीला उत्तर द्यायचं. त्यात घरचा पत्ता लिहायचा, आणि वेळ पडली तर कोर्टात यायला तयार आहे असं कबूल करायचं. हे ऐकून नान्ना पांढरेफटक पडले. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. काढून टाक तो मोर... सगळंच काढून टाक."

खरं सांगते, मीही घाबरले. नोकरी करणारी साधी बाई मी, वकील कुठून आणू? पण मोर काढला म्हणजे चोरी कबूल केल्यासारखंच की. ते काही घशाखाली उतरेना. दोन दिवस नुसती घालमेल.

गुरुवारी फोन वाजला. सॉफ्टवेअरच्या मदतीसाठी मी माझा नंबर दिलेला असतो, त्यावर. बोलण्यात अक्कलकोटकडचा हेल. "म्याडम, नवा कॉम्प्युटर आलाय. तुमचं सॉफ्टवेअर घ्यायलोय, तर लिंकच उघडंना की ओ. माल अडकलाय."

नाव सिद्धाराम, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाइन बघतात. सहज विचारलं, कुठला कारखाना? त्यांनी नाव सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलेच... तीच कंपनी!

"अहो, तुमच्याच लोकांनी बंद पाडलंय ते!"

पलीकडून हळूच, "आमीच? अगं आई गं... मग आता आमी नक्षी काढायची कशावर ओ?"

मग झाला उलगडा. तो मोर नमुन्यातून उचलून टॉवेलवर घेतला होता सिद्धारामनीच. टॉवेल चालला, कॅटलॉगमध्ये गेला. नक्कल होऊ नये म्हणून मालकांनी एजन्सी नेमली. एजन्सीचा प्रोग्राम कॅटलॉगमधली चित्रं घेऊन इंटरनेटभर हिंडतो, जिथं सारखं दिसेल तिथं नोटीस. आधी कुणाचं, नंतर कुणाचं... हे कुणी बघितलंच नाही.

सिद्धारामनी सांगितलं असणार, संध्याकाळी मालकांचा फोन आला. मी पदर खोचून भांडायच्या तयारीत, तर ते बिचारे पुरते ओशाळलेले. "मोर आमचाच समजत होतो की ओ ताई." दुसऱ्या दिवशी नोटीस मागं घेतली, आणि शनिवारी प्रोजेक्ट परत सुरू. ग्रुपवर नुसता जल्लोष!

काल सिद्धाराम घरी येऊन तो टॉवेल देऊन गेले. नान्नांनी तो मांडीवर पसरला आणि मोरावरून बोट फिरवत बसले. मी म्हटलं, आता बसते आणि दुसरा पाय जोडूनच टाकते, गावभर लाज गेली.

"नको," नान्ना म्हणाले. "राहू दे तसाच. आपला आहे हे कळतं."

सगळं काढून टाक म्हणणारे हेच ते नान्ना! मला एकदम भरून आलं... टॉवेल होताच हाताशी.

सिद्धाराम, तुम्ही फोन केलात म्हणून वाचले. लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे, मोरही आहे. घ्या, विणा, कुणालाही द्या... उभा मात्र तो एकाच पायावर राहील.