गिअरच्या तेलातलं औषध

नोकरीत अपघात इतके पाहिले की बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चांदवड तालुक्यातल्या त्या उताराची आठवण मात्र अजून पाठ सोडत नाही. त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणूनही असेल.

कांदा लागणीचे दिवस होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ठाण्यात फोन आला. मी पोहोचलो तेव्हा उताराच्या तळाशी, मोरीजवळच्या वळणावर, ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही आडवे पडले होते आणि रस्ताभर कांद्याची रोपं विखुरली होती. ट्रॉलीत अकरा बाया होत्या. तीन जागीच गेल्या. त्यांतली एक ड्रायव्हरची बायको होती. ट्रॉलीत माणसं बसवायला मुळात परवानगी नाही, पण ते आम्ही रोज बघतो आणि रोज सोडून देतो.

ड्रायव्हर सुरगाण्याकडचा, तिशीतला. नवराबायको दोघंही दुसऱ्या हंगामाला त्या गावी कामाला आलेले. लोक त्याला मारत होते आणि दारू प्यायला होता म्हणून ओरडत होते. मी त्याला गर्दीतून ओढून जीपमध्ये घातलं. वास त्याच्या तोंडाला येत होता की मारणाऱ्यांपैकी कुणाच्या, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा मात्र मला जराही शंका नव्हती. त्याच्या रक्ताचा नमुना तपासणीला पाठवला आणि सदोष मनुष्यवधाचं कलम लावून त्याला अटक केली. त्या कलमात सहजासहजी जामीन होत नाही. बायकोच्या अंत्यविधीला त्याला बंदोबस्तात नेलं. तिथे तिची आई सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर थुंकली.

कोठडीत तो एकच सांगत होता, "साहेब, ब्रेक दाबला. पेडल जात व्हतं, पन ट्रॅक्टर धरत नव्हता." ब्रेक फेल झाला, हे मी हजार ड्रायव्हरांकडून ऐकलेलं. शिवाय मोटार वाहन निरीक्षकांनी ट्रॅक्टर तपासून पेडल, दांडे, सगळं जागेवर असल्याचा अहवाल दिला होता. आडवा पडलेला ट्रॅक्टर चालवून बघणं त्यांना शक्यच नव्हतं. मी तो कागद त्याच्यापुढे धरला आणि तीन दिवस एकच प्रश्न विचारत राहिलो, ब्रेक का दाबला नाहीस. हात उचलला नाही. त्याची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "लागली असंल डुलकी, साहेब. तुमी म्हनता तर लागली असंल." मी समाधानाने स्टेशन डायरीत नोंद केली आणि चहा मागवला.

तो नाशिक रोडच्या कारागृहात गेला. दोन महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला. दारूचा अंश नाही. मी तो फाईलला लावला आणि स्वतःची समजूत घातली की डुलकी तर लागली होतीच.

त्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या हवालदाराने खबर आणली. ट्रॅक्टर सुपुर्दनाम्यावर मालकाला परत दिला होता आणि तो हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये दुरुस्तीला होता. तिथले मिस्त्री म्हणजे चाळीस वर्षं ट्रॅक्टर उघडणारे, सगळे त्यांना चाचा म्हणत. हवालदार चहा प्यायला थांबला तेव्हा चाचा त्याला म्हणाले होते की तुमच्या साहेबांना सांगा, या गाडीच्या पोटात काहीतरी भलतंच निघालंय.

मी गेलो. चाचांनी पत्र्याच्या घमेल्यात काढून ठेवलेलं गिअरचं तेल दाखवलं. काडी बुडवून वर उचलली तर काकवीसारखी तार निघत होती.

हे तेलात टाकायचं औषध आहे, असं त्यांनी सांगितलं. जुन्या लोकांचा त्याच्यावर फार विश्वास. मी विचारलं, त्याने फायदा तरी होतो का? चाचा हसले. झिजलेल्या इंजिनात टाकलं की तेल जाड होतं, खडखड दबते, धूर थोडा कमी दिसतो आणि मालक खूश होतो. झिजलेला भाग झिजलेलाच राहतो. धडधाकट इंजिनाला तर कंपनीचं तेल वेळेवर बदललं की आणखी काही लागत नाही. बहुतेक वेळा डब्याचे पैसे वाया जातात, एवढंच नुकसान.

"पण साहेब, ह्या नव्या ट्रॅक्टरचे ब्रेक बाहेर नसतात," ते म्हणाले. "ब्रेकच्या प्लेटा ह्याच गिअरच्या तेलात बुडालेल्या असतात. त्यांना पकड पाहिजे. आणि ही दवा काय करते, तर सगळं गुळगुळीत करते."

पेडल जात होतं, ट्रॅक्टर धरत नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी मला अक्षरशः तेच सांगितलं होतं.

पंच बोलावले, पंचनामा करून तेल सीलबंद केलं आणि मालकाला ठाण्यात बोलावून घेतलं. गावात त्यांना तात्या म्हणत. सत्तरीचे, सरळ माणूस. तिन्ही बायांचं क्रियाकर्म त्यांनी स्वतः उभं राहून करवलं होतं. आरोपीला विचारतात तसं विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. यंत्रावर जीव असलेल्या माणसाला यंत्राबद्दल बोलतं करावं, बाकीचं तो आपणहून सांगतो. मी त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरची चौकशी केली. तात्या खुलले. तीस वर्षं वापरला, दर दसऱ्याला पूजा केली, गिअरपेटी एकदाही उघडली नाही. मी म्हणालो, काहीतरी युक्ती असणार.

"युक्ती कसली? दर हंगामाला तेलात एक डबा टाकायचो. नाशकातल्या एका दुकानात मिळतो. माझ्या वडलांपासूनची सवय हाय."

"आणि नव्यात?"

"नवा जरा घुईंघुईं आवाज करत व्हता. म्हटलं नवी गाडी हाय, कंजुषी नको. त्या दिवशी पहाटं दोन डबे टाकले."

ठाणे अंमलदार लिहिता लिहिता थांबला. तात्यांना काहीच कळलं नव्हतं. जुन्याचे ब्रेक कोरडे, बाहेर बसवलेले. तिथे हे औषध तीस वर्षं कुणाच्या जिवावर उठलं नाही आणि त्यालाच तात्या औषधाचा गुण समजत आले. मी त्यांना चाचांचं म्हणणं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तिघीबी?" मी मान हलवली. त्यांना खुर्चीतून उठवायला दोन शिपाई लागले.

नुसत्या म्हणण्यावर न्यायालयात भागत नाही. दुरुस्त झालेल्या ट्रॅक्टरमध्ये आम्ही निरीक्षक आणि पंचांसमोर सीलबंद तेलच पुन्हा भरलं, ट्रॉलीत वाळूची पोती टाकली आणि गावच्या मैदानावर चाचांनी तो स्वतः चालवला. ब्रेक पूर्ण दाबलेला सगळ्यांना दिसत होता आणि ट्रॅक्टर मैदानाच्या बांधापर्यंत घसरत गेला. मग पेटी धुऊन कंपनीचं तेल भरलं. तेवढ्याच वेगात तो निम्म्याहून कमी अंतरात थांबला. पंचांपैकी एकाने अपघाताच्या दिवशी ड्रायव्हरला मारलं होतं. सही करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

तात्यांवर हयगयीचा गुन्हा दाखल झाला, पण खटला उभा राहायच्या आतच ते गेले. ड्रायव्हरला सोडावं असा अहवाल मी न्यायालयाला पाठवला. त्यात माझ्या पहिल्या तपासाबद्दल जे लिहायला हवं होतं ते मी पूर्ण लिहिलं नाही. आज इथे लिहितो आहे. या प्रकरणातून शिकलो ते एवढंच की माणूस पहिल्या तासात जे बोलतो ते तपासून पाहिल्याशिवाय त्याला दुसरा प्रश्न विचारू नये. तीन दिवस एकच प्रश्न विचारला तर कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं. मला त्याची शरम वाटते.

सुटकेच्या दिवशी मी कारागृहाच्या दाराशी गेलो. तो निम्मा उरला होता. मी त्याला तेलाचं सगळं समजावलं. तो मातीकडे बघत ऐकत होता.

"म्हंजे मी ब्रेक दाबला व्हता?"

"हो. दाबला होतास."

"तुमी म्हनला नाय दाबला. मंग मलाबी तसंच दिसाया लागलं. रोज दिसायचं. ती वरडती हाय आन् माझा पाय हालत नाय."

मी माफी मागितली. ती त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही, ठाऊक नाही. तो म्हणाला, हे कागदावर लिहून द्या, तिच्या आईला दाखवायचंय. असा दाखला देण्याची पद्धत नाही. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं की अपघाताच्या वेळी याने ब्रेक दाबला होता. खाली सही केली, हुद्दा लिहिला.

त्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद माझ्याकडे परत दिला आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. तो म्हणाला, परत एकदा वाचा.