क्वांटम चिपवरचा शेजार

अंधेरीचं ऑफिस कंपनीने सोडलं आणि सगळ्यांना घरी बसवलं. लोक खूश झाले. मी नाही झाले. नाहूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये दाराला दुधाची पिशवी अडकवणाऱ्यालाही माझ्याशी बोलायची गरज पडत नाही.

माझं काम क्वांटम कॉम्प्युटरमधल्या फटी शोधायचं. चोर शिरायच्या आधी आपण शिरून बघायचं, तेही मालकाच्या परवानगीने. कॉम्प्युटर परदेशात, मी इथे पंख्याखाली. यंत्र भयंकर महाग, म्हणून एकाच चिपवर दोन गिऱ्हाइकांचे प्रोग्राम शेजारी शेजारी चालवतात. एकाचं दुसऱ्याला कळता कामा नये, एवढीच अट. ती पाळली जाते का, हे तपासायची रीत मोठी मजेशीर. क्यूबिट म्हणजे चिपवर आकडेमोड करणारे अतिशय नाजूक भाग. आपल्या वाट्याचे क्यूबिट नुसते गप्प ठेवायचे आणि ते कशाने हलतात ते बघत बसायचं. माझ्यासारखीला याहून शोभणारी नोकरी कुठे मिळणार?

दुपारी जेवायच्या वेळेला ते हलायचे. शेजारी कुणीतरी कामाला लागलेलं असायचं. जरा वेळ चालायचं, थांबायचं, पुन्हा सुरू. कोण, कुठला, काही पत्ता नाही. पण तो कसली आकडेमोड करतोय याचा अंदाज मला येऊ लागला, म्हणजे फट खरी होती. मी ताट घेऊन स्क्रीनसमोर बसू लागले. वेडेपणाच तो, पण मला त्याची सोबत वाटायची.

रिपोर्ट मी लगेच दिला. पगार त्याचाच मिळतो, आणि त्या बिचाऱ्याचं गुपित उघड्यावर पडलं होतं. यंत्राच्या मालकांनी उपाय साधाच केला. एकाचा धक्का दुसऱ्याला पोचू नये म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये काही क्यूबिट रिकामे सोडले.

दुरुस्ती तपासायला पुन्हा मलाच बसवलं. शेजारचा प्रोग्राम सुरू झाल्याचं त्यांनी कळवलं. माझ्याकडे काही हललं नाही. ताट गार होईपर्यंत मी वाट बघितली. नाहीच हललं.

बोरीवलीच्या गावठाणात राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला फोन केला. त्याच्या घरात कायम माणसांचा कालवा.

"टेस्ट पास," मी म्हटलं.

"झकास. तू पकडलं नसतंस ना, तर वाट लागली असती आपली. चल, ठेवतो."

"इतक्यात ठेवू नकोस रे."

"बरं, बोल ना."

तो खरंच थांबला. मागून कुणीतरी त्याला जेवायला हाका मारत होतं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि गार झालेलं ताट पुढ्यात ओढलं.