टीव्हीवरून निवडलेले दादा

आता सांगायला बसलोय खरा, पण यातलं किती मला नीट आठवतंय, देव जाणे! टीव्ही वहिनींचा होता की निखिलने उचलून आणलेला, रिमोट कुणी माझ्या हाती दिला की मीच मागून घेतला, काही नक्की नाही. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. घोटाळा मात्र माझाच. आमच्या घरात त्यावर कुणी हसत नाही. तुम्ही हसलात तर चालेल.

माझे थोरले बंधू, दादा, गेले. निजामाच्या शहरात, अंबरपेठेत आमची घरं समोरासमोर. दादांना मूलबाळ नव्हतं, मागे वहिनी एकट्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याने जेमतेम दिसायचं. तेराव्याला दादांचा फोटो मांडायचा होता आणि वहिनींचं एकच मागणं होतं.

"भाऊजी, फोटो मी निवडणार. रोज सकाळी उठून मला ह्यांचंच तोंड दिसलं पाहिजे."

आता अडचण ऐका. अलीकडचे फोटो होते ते फक्त दसऱ्याचे. वहिनींचा भाचेजावई निखिल, मूळचा पुण्याचा, इथे कॉम्प्युटरच्या नोकरीवर. त्याने नव्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले. आमच्या वडिलांची निजामाच्या नोकरीतली काळी शेरवानी आम्ही दोघे भाऊ दसऱ्याला आळीपाळीने घालायचो. एकच होती ना! तेव्हा खुर्ची तीच, शेरवानी तीच, आधी एक भाऊ, मग दुसरा. मिशा सारख्या, चष्मे सारखे, टक्कलसुद्धा सारखंच. गल्लीतले लोक एकाच्या दुखण्याची चौकशी दुसऱ्याकडे करत. मला हमखास ओळखणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको. ती दादांच्याही आधी गेली.

वहिनींना हातातला फोटो दिसेना, म्हणून निखिलने सगळे फोटो सीडीवर घालून टीव्हीवर लावले.

"काका, फक्त हा उजवीकडचा बाण दाबायचा. दुसरं काही दाबू नका," म्हणाला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

दुसरं काही दाबू नका! असं सांगितल्यावर माणसाचं बोट कुठे जातं?

वहिनी पडद्याला नाक लावून बसल्या. दादा आले. त्यांना जरा मोठं करावं म्हणून मी एक बटण दाबलं, तर टीव्हीभर नुसतं नाक.

"हे काय, भाऊजी?"

"नाक आहे, वहिनी."

"ते दिसलं. बाकीचे कुठे गेले?"

मी घाबरून दुसरं बटण दाबलं. दादा आडवे झाले. खुर्चीसकट आडवे, डोळे उघडे! मागे बसलेल्या आक्काने, म्हणजे नांदेडहून आलेल्या आमच्या चुलतबहिणीने, हंबरडाच फोडला. पुन्हा दाबलं, तर दादांचं डोकं खाली, पाय वर.

"अरे, सरळ कर त्याला! मेल्यावर तरी छळू नकोस!" आक्का ओरडली.

मी दिसेल ते बटण दाबत सुटलो. दादा सरळ झाले, पण फोटो आपोआप पळायला लागले. दादा, मी, दादा, मी. तेवढ्यात वहिनींनी हात वर केला.

"थांबा! हेच. डोळ्यांत हसतायत बघा."

कोपऱ्यातला आकडा मी ओरडून निखिलला सांगितला. पण आकडा वाचेपर्यंत फोटो बदलला होता की नव्हता?

सुलतान बाजारातून चेहरा मोठा करून, चौकट लावून फोटो आला. तेराव्याला मांडला, चंदनाचा हार घातला. दादांचे जुने मित्र करीमभाई आले. अफझलगंजला त्यांचं पुस्तकांचं दुकान. त्यांनी फोटोपुढे मान झुकवली, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"प्रोफेसर साब, ये तो तुम हैं!"

"नक्को ऐसा बोलो, करीमभाई."

"अल्ला कसम! जिंदा आदमी हार पैनको कायकू बैठा?"

सगळे एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. "तरीच! मला सकाळपासून वाटतच होतं," आक्का म्हणाली. सकाळभर त्याच फोटोपुढे रडत होती ती!

आणि मी? मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. मला फक्त एवढंच कळलं, की दोनात एक शक्यता माझी, आणि रिमोट माझ्या हातात होता. म्हणजे चूक झालीच असणार.

"ह्यांचाच आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मी बघून निवडलाय."

"वहिनी, तुमच्या डोळ्यावर पट्टी आहे," मी समजूत घातली. माझे दोन्ही डोळे उघडे होते ना!

गुरुजी म्हणाले, हार घातलेला जिवंत माणसाचा फोटो घरात नको, पाण्यात सोडा. निखिल दुसरा फोटो करून आणायला धावला. मी पहिला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ऑटोने मुसी नदीच्या पुलावर गेलो. खाली काळं पाणी. फोटोवरचा कागद काढला.

"किसकी फोटू है, साब?" ऑटोवाल्याने विचारलं.

"मेरीच," म्हणालो आणि फोटो खाली सोडून दिला.

त्याने फोटो पाण्यात पडताना पाहिला आणि माझं कोपर घट्ट धरलं. "पैले फोटू, बाद में खुद? नक्को साब. चलो, गाडी में बैठो."

घरापर्यंत तो आरशातून माझ्यावर नजर ठेवून होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी निखिलच्या लॅपटॉपवर ते फोटो पुन्हा पाहिले. या वेळी न कापलेले, पूर्ण. निखिलने नंतर करून आणलेल्या, वहिनींच्या भिंतीवर लागलेल्या दुसऱ्या फोटोत खुर्चीच्या मागे दार आहे. दारात दादा उभे आहेत. अंगात फक्त बनियन, हात पुढे केलेला, शेरवानी कधी मिळते म्हणून वैतागलेले. म्हणजे खुर्चीत मी. मग मुसीत गेले ते कोण, हे तुम्हीच ओळखा.

तसाच वहिनींकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"पट्टी सुटली त्याच दिवशी दिसलं मला," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तेराव्याला बोलले होते की."

मी म्हटलं, "उद्याच दादांचा फोटो करून आणतो. हा काढून टाकू."

"ह्यांचा आणा, शेजारी लावा," वहिनी म्हणाल्या. "पण हे भाऊजी राहू द्या. हे मध्येच बोलून मला खोटं पाडत नाहीत."