गौरीची कुंची

'मी लहान होतो तेव्हा' हा धडा शिकवायचा म्हणून काल बालवाडीतल्या मुलांना मी त्यांचे तान्हेपणीचे कपडे आणायला सांगितले होते. सतरंजीवर झबली, टोपरी, दुपटी मांडली गेली. अथर्वने आपलं टोपरं डोक्यावर ओढून पाहिलं. ते शेंडीपुरतंच बसलं, तसा तो ऐटीत हसला.

गौरी तेवढी रिकाम्या हातांनी बसली होती.

"तुझं काहीच नाही?" अथर्वने विचारलं.

शाळा सुटत आली होती. गौरी उठली आणि दाराशी थांबलेल्या आईला, कडेवरच्या धाकट्या भावासकट, ओढत आत घेऊन आली.

"ही बघा माझी कुंची. आता हा घालतो."

विटक्या गुलाबी कुंचीतून बाळ टकामका बघत होतं. मुलांनी त्याला गराडा घातला.

"एकेकाने या," गौरीने बजावलं. "घाबरेल तो."

गेलेले दिवस ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात असतात, असं मी धरून चालले होते. गौरीचे तर कडेवर बसून पाय हलवत होते.

अथर्व सतरंजीकडे गेला, टोपरं घेऊन आला आणि गौरीपुढे धरून छाती काढून म्हणाला, "हेपण घाल त्याला. मला आता होत नाही."