समोरची भिंत

आजीचं शेवटचं चित्र मी फोनवरून पुसलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगून टाकते.

आजी, म्हणजे मीनाबाई, विहारांच्या भिंतींवर चित्रं काढायची. आजोबा नवी पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरं ते काढायचे, आतला रंग आजी भरायची. ते गेले तेव्हा आजी एकेचाळीस वर्षांची होती. लोकांना वाटलं, आता ही चार घरची धुणीभांडी करेल. हिने ब्रश फडक्यात गुंडाळले आणि एसटीत बसली. कलबुर्गी, बिदर, लातूर, नांदेड, नागपूर, एकदा तर थेट बुद्धगया. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि जिथं काम तिथंच पथारी. आमच्या घरात तिच्याइतकं कुणी फिरलं नाही. माझ्या वडिलांची, यशपालांची, नुसती बार्शीला बदली झाली तरी घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरायची.

तिची एक पद्धत होती. आधी बुद्ध पूर्ण करायची, मग खाली धम्म ऐकायला बसलेली माणसं. ही माणसं त्याच गावची असायची. दुपारी एकेका बाईला समोर बसवून चेहरा काढायची. कुणी नटून आली तर परत पाठवायची.

"शेतातनं आलीस तशीच ये. पावडर लावून कुणी धम्म ऐकतंय व्हय?"

त्यामुळे उद्घाटनाला खालच्या कोपऱ्यातच जास्त गर्दी व्हायची. ज्याला त्याला आपलं तोंड शोधायचं असायचं.

या भिंती टिकत नाहीत. चौदा एप्रिल जवळ आला की विहाराला नवा रंग लागतो, कमिटी बदलली की रंगही बदलतो. आजी त्यावर कधी कुरकुरली नाही. "घर हाय ते, सारवायला नको व्हय?" एवढंच म्हणायची. पण पिकतं तिथं विकत नाही, ते आमच्याकडे अगदी खरं होतं. घरात तिला आम्ही दोनच गोष्टी विचारायचो, कधी आलीस आणि जेवलीस का. गुडघे थकल्यावर ती आमच्या मागच्या खोलीत राहू लागली. खुर्ची टाकून भिंतीकडे तोंड करून तासन् तास बसायची. मी म्हणायचे, "आजी, टीव्ही इकडे आहे," आणि स्वतःच हसायचे.

शेवटचं काम तिने त्र्याहत्तराव्या वर्षी केलं, होटगीच्या पुढे आत असलेल्या एका लहान गावात. कुणाचं न ऐकता गेली आणि महिनाभर तिथंच राहिली. परत आल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं.

"धम्मप्रिया, एकदा बघायला चल की. लांब न्हाय."

"येत्या रविवारी जाऊ."

कधी बँकेतलं ऑडिट, कधी कुणाचं लग्न, कधी नुसताच कंटाळा. बरेच महिने ती दर शनिवारी संध्याकाळी साडीला इस्त्री करून ठेवायची. मग तिने विचारणं सोडलं आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मार्चमध्ये ती गेली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावाने दान द्यायच्या दिवशी वडील उठून म्हणाले, "भांडी, खुर्च्या सगळेच देतात. आईनं शेवटचं काम केलं त्या विहाराला आपण तिच्या नावानं टाइल्स देऊ." सगळ्यांनी होकारादाखल तीनदा साधू म्हटलं. टाइल्स मीच निवडल्या, फिकट पिवळ्या, कमळाच्या किनारीच्या. आमच्यापैकी कुणीच ती भिंत पाहिलेली नव्हती, त्यामुळे कुणाच्या डोक्यात काही आलंच नाही. पंधरा दिवसांनी बँकेत फोन आला. विहार कमिटीचे सिद्राम बोलत होते.

"मॅडम, समोरच्या भितीला बी लावायच्या का? तुमी म्हणाल तसं."

काउंटरवर माणसं खोळंबली होती. मी म्हणाले, "सगळीकडे लावा."

बुद्धपौर्णिमेला गावाने आम्हाला बोलावलं. वडिलांना बरं नव्हतं, मी एकटीच गेले. विहार लखलखत होता. दाराशी आजीच्या नावाची संगमरवरी पाटी. मी आत सगळीकडे पाहिलं आणि सिद्रामना विचारलं, "आजीचं चित्र कुठं आहे?"

त्यांनी समोरच्या टाइल्सकडे बोट केलं.

"ह्याच्या मागं हाय की, मॅडम. तुमालाच इचारलं. आमाला वाटलं, घरच्यांची इच्छा हाय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते बिचारे ओशाळले. टाइल्स काढता येतील का, मी विचारलं. सिमेंटबरोबर रंगही निघून येईल, म्हणाले. मग सगळ्यांनी आपापले मोबाइल चाळले. उद्घाटनाचे चार फोटो निघाले. चारही फोटोंत फेटे बांधलेले पाहुणे ओळीने उभे, त्यांच्या मागे निळ्या रंगाचा तुकडा.

समोरच्या किराणा दुकानातली गौरम्मा चहा घेऊन आली होती. आजी महिनाभर तिच्याकडेच जेवायची. कप माझ्या हातात देताना ती थांबली.

"तुला वळखते मी. तू हुतीस की भितीवर."

मला कळेना. ती वाकली आणि खाली, कोपऱ्यातल्या एका टाइलवर तिने हात ठेवला.

"हितं. मी म्हातारीला इचारलं, ही तर आमच्या गावची न्हाय. तर म्हणली, माजी नात हाय, बघायला यायची हाय."

हातातला कप मी खाली ठेवला. मी विचारलं, "एकटीच होते का मी?"

"न्हाय. शेजारी म्हातारी बसलीवती की."

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. आजीच्या चित्रांविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी गावाची इच्छा होती.