समुद्र न पाहिलेले कल्ले

मत्स्यपालन केंद्रात प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटलेलं होतं आणि तिला चिकटलेलं नाव काही फार कौतुकाचं नव्हतं. कल्लेवाली. माशाला गुंगी द्यायची, कल्ल्याचं झाकण अंगठ्याने उचलायचं, आतल्या लाल झालरीचं इवलंसं टोक कात्रीने टिपायचं आणि मासा परत पाण्यात सोडायचा, हे तिचं काम. मासा घटकाभर भेलकांडायचा आणि मग काही झालंच नाही अशा तोऱ्यात चालू पडायचा. इथे येण्याआधी ती इस्पितळात लोकांचं रक्त काढायची. इथे निदान कोणी ओरडत नाही, असं ती म्हणायची, पण खरं कारण वेगळं होतं. इस्पितळातल्या नळ्यांचं पुढे काय होतं, हे तिला कधी कोणी सांगितलं नाही. इथल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात तिला यंत्रासमोर बसवलं.

त्या म्हणाल्या, “आपला हा सॅल्मन मासा जन्मतो गोड्या पाण्यात आणि मोठा होतो समुद्रात. गोड्या पाण्यात अंगातलं मीठ पाझरून जातं, म्हणून कल्ले ते पाण्यातून वेचून आत घेतात. समुद्रात सगळं उलटं. तिथे मीठ आत घुसतं आणि कल्ल्यांना ते बाहेर फेकावं लागतं. दोन कामांना दोन वेगळी जनुकं.”

“म्हणजे समुद्रात जाताना जनुक बदलतं?”

“जनुकं दोन्ही पहिल्यापासून असतातच. कोण बोलतंय आणि कोण गप्प बसलंय, तेवढं बदलतं. आपलं यंत्र त्यांचा आवाज मोजतं.”

“अहो, मग हे दोन जावांचं घर झालं की,” ती म्हणाली. “एकीचा आवाज चढला की दुसरी मुकी.”

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. तेव्हापासून प्रयोगशाळेत गोड्या पाण्याचं जनुक म्हणजे थोरली आणि खाऱ्या पाण्याचं म्हणजे धाकटी.

“पण धाकटी तोंड उघडते कधी? खारं पाणी लागल्यावर?”

“नाही हो. त्याच्या आधीच. इथेच, या टाकीत.”

हे मासे बंद शेडमधल्या ट्रेमध्ये जन्मलेले. मिठाचा कण कधी चाखलेला नाही, समुद्राची गाज ऐकलेली नाही. आणि त्यांच्या कल्ल्यांत, नखाएवढ्या जागेत, समुद्राला तोंड द्यायची तयारी आपोआप सुरू होते. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. “यांना सांगतं कोण?” तिने विचारलं.

“उजेड. आधी हिवाळ्याचे छोटे दिवस, मग वाढते दिवस. ते कळलं की अंगात ‘तयारीला लागा’ अशी हाकाटी होते.”

शेडमध्ये आकाश नव्हतं, त्यामुळे हिवाळा बटणाने आणावा लागे. ते खातं तिच्या धाकट्या दिराकडे होतं आणि म्हणून त्याचं नावच बटण पडलं होतं. ठरल्या वेळी दिवे मालवायचे, लांबलचक रात्र करायची, काही आठवड्यांनी पुन्हा उजेड वाढवायचा. आडदांड गडी, पण मनाने लोणी. लहानपणापासून अंधाराला भ्यायचा. घरात वीज गेली की आधी वहिनीला हाक मारायचा.

त्या वर्षी शेवटच्या टाकीतले मासे सर्वांत देखणे निघाले. अंगावरचे बोटांच्या ठशांसारखे काळे पट्टे पुसले गेले आणि चांदी चढली, ती समुद्राला निघायची खूण. केंद्राचे साहेब काठावर वाकून बघत राहिले आणि खूश होऊन म्हणाले, “चला, निघाली वरात. उद्या सकाळी यांना समुद्रात न्यायला बोट येतेय.”

त्याच दुपारी तिने त्या टाकीतल्या माशांचे कल्ले टिपले. यंत्राच्या पडद्यावर थोरली नेहमीसारखी तारस्वरात आणि धाकटी जेमतेम कुजबुजत होती. आपलीच चूक असेल म्हणून तिने दुसरे मासे घेतले. पुन्हा तेच. शेजारच्या टाकीत मात्र धाकटीने घर डोक्यावर घेतलेलं. तिने आकडे डॉक्टरीणबाईंसमोर ठेवले. शेवटच्या टाकीतले हे मासे समुद्रात गेले तर आतून मिठाने होरपळून मरणार होते.

“चांदी खाण्यापिण्यानेही चढते,” डॉक्टरीणबाई आकडे पाहून म्हणाल्या. “दिसतं तसं नसतं. या टाकीला हिवाळा मिळालेला नाही.”

आणि हिवाळा कोणाच्या हातात होता, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. हे साहेबांच्या कानावर घातलं तर दिराची नोकरी जाणार. न घातलं तर टाकीभर जीव जाणार. ती तशीच शेडमध्ये गेली आणि शेवटच्या टाकीमागे वाकली. पाणी जिथून बाहेर पडतं त्या जाळीच्या आड एक छोटा पिवळा बल्ब लटकत होता.

दीर मागे येऊन उभा राहिला.

“कोपऱ्यातली टाकी आहे ना, वहिनी,” तो म्हणाला. “बाकीच्यांना एकमेकांची सोबत असते. ह्यांना एवढा मोठा अंधार... मला बघवेना. म्हटलं, एक बल्ब असू दे बिचाऱ्यांना.”

तिला रागवायचं होतं. कोणी आळसाने चुकतं, कोणी लोभाने. हा मायेने चुकला होता, आणि अशा माणसाला बोल लावणं फार जड जातं. “भावोजी,” ती म्हणाली, “अंधाराशिवाय यांना समुद्र कळत नाही हो. तुम्ही सोबत दिलीत आणि यांना येणारा समुद्राचा निरोप अडला. बोट मी थांबवणारच आहे. का थांबवली, ते तुम्ही सांगता का मी सांगू?”

त्याने बल्ब काढला, तो खिशात घातला आणि तिच्या पुढे होऊन साहेबांच्या खोलीत गेला.

साहेब आधी कडाडले, मासे चांदीसारखे चकाकतायत म्हणाले, मग डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेले आकडे पाहून खुर्चीत बसले. दीर मान खाली घालून उभा होता. बोट रद्द झाली. नोकरीचं काय, हे विचारायचं धाडस कोणाला होईना. साहेबच बोलले. “ज्याने हिवाळा मोडला त्यानेच तो परत आणायचा. यांची धाकटी बोलली तर तू राहशील, नाही तर नाही.”

मग त्या टाकीवर दुसरा हिवाळा उतरला. दीर आता टाकीचा कठडा चाचपत अंधारात फेऱ्या मारायचा, घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि कोणी बोलायच्या आत पुन्हा आत जायचा. जेवताना त्याचा घास तोंडाशीच थांबायचा. आठवडे सरले, दिवे हळूहळू वाढले आणि ती पुन्हा कात्री घेऊन बसली. पहिल्या खेपेला धाकटी गप्प. दुसऱ्या खेपेलाही फारसं काही नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं, पण घरी तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तिसऱ्या खेपेला पडद्यावरची रेघ उठली. ती उठली ती चढतच गेली, आणि थोरलीचा आवाज खाली आला. ती पडद्याकडे बघत बसली. खाऱ्या पाण्याचा थेंब नाही, लाट नाही, शिकवायला आई नाही, बाप नाही. तरी त्या अंधारातून बाहेर येऊन ह्या मुक्या जिवांनी समुद्राची सगळी तयारी आतल्या आत करून ठेवली होती. आपण किती थोडं करतो आणि किती मोठं आपोआप होतं, या विचाराने तिला भरून आलं. डोळे पुसून ती शेडकडे धावली.

दीर टाकीपाशी उभा होता. तिने काही सांगायच्या आत त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याकडे दाखवलं.

हे मासे जन्मापासून पाण्याच्या धारेला तोंड देऊन, जागा धरून पोहत आले होते. आज सगळ्या टाकीने पाठ फिरवली होती. एकमेकांशी न भांडता, अंगाला अंग लावून, नदीतून समुद्राकडे निघाल्यासारखे सगळे धारेबरोबर जाळीकडे तोंड करून जमले होते. जिथे त्याने बल्ब टांगला होता, त्याच जाळीकडे.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “हे निघालेत.”

“हो. धाकटी बोलली. तुम्ही राहिलात, भावोजी.”

त्याने मान हलवली, पण तिला वाटलं, ते त्याने नीट ऐकलंच नाही. तो वाकला आणि पाण्यात हात घालून तसाच उभा राहिला. मासे त्याच्या बोटांना घासत पुढे सरकत होते.

“मी यांच्या वाटेत आडवा आलो होतो,” तो म्हणाला. “तरी वाट विसरले नाहीत.”